गुल्म, रमना आणि कर्ब : वाशिमच्या रानाचा हिशेब

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांच्या विवाहाची कथा आहे. रुसून निघालेला काव्यपुरुष देशोदेशी हिंडतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्यांचा विवाह होतो. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. ‘हरिविजय’ हे आज लुप्त असलेले, केवळ अवतरणांतून ओळखीचे राहिलेले प्राकृत काव्य रचणारा सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक. वत्सगुल्माचे प्राकृतात ‘वच्छोम’ झाले आणि पुढे बासीम, वाशिम. साहित्यशास्त्राच्या वर्गात हा भाग शिकवताना विदर्भातल्या अध्यापकाचा आवाज थोडा चढतो, हे आम्ही मान्य करतो.

अशाच एका तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला : वत्स म्हणजे ऋषी, हे समजले, पण गुल्म म्हणजे काय? आम्ही स्थलपुराणातील अर्थ सांगितला. वत्स ऋषींच्या तपामुळे तेथे देवांचा समुदाय जमला, म्हणून गुल्म. पण त्या शब्दाचा दुसरा, अधिक साधा अर्थ अमरकोशाच्या वनौषधिवर्गात आहे : ज्याला बुंधा नाही असे झुडूप, झुपका. ज्या गावाच्या नावातच उंच वृक्ष नसून झुडूप आहे, त्या गावच्या रानाविषयी आम्ही काहीच विचार केलेला नाही, हे त्या दिवशी जाणवले. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

उत्तर द्यायचे तर आधी एक कबुली द्यावी लागेल. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. १ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात दोन कोटी वृक्ष लावण्याचा संकल्प झाला. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी घेऊन आम्हीही एका ई-क्लासच्या माळावर गेलो. विदर्भाबाहेरील वाचकांसाठी सांगायचे तर, गुरचराईसाठी राखलेल्या महसुली जमिनीला आमच्याकडे आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. खड्डे आधीच खणलेले होते. गुरे घेऊन आलेले एक म्हातारेबुवा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘मास्तर, झाडं त तुमी लावून राह्यले, मंग गवत कुठी लावसान?’ आम्ही हसलो. तिसऱ्या पावसाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा खड्डे होते, रोपे नव्हती, आणि खड्ड्यांच्या कडेने कुसळी माजली होती. तो प्रश्न हसण्यासारखा नव्हता, हे समजायला आम्हाला इतिहासाची आणि थोड्या हवामानशास्त्राचीही मदत घ्यावी लागली.

*

झाडे लावण्यामागे आज जी जागतिक कल्पना उभी आहे, तिचा इतिहास फार जुना नाही. १९९७ च्या क्योटो कराराने श्रीमंत देशांना उत्सर्जनाची मर्यादा घातली. त्याखालच्या यंत्रणेत गरीब देशांत नवे वन लावले तर त्याचे श्रेय मिळे. असलेले जंगल न तोडल्याचे मात्र मिळत नसे. २००१ च्या माराकेश येथील नियमांनी हे पक्के झाले. २००५ साली माँट्रियलच्या परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका या दोन देशांनी प्रश्न मांडला की, न तोडलेल्या जंगलाचे मोल कोण देणार? २००७ मध्ये हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीचा चौथा अहवाल आला. त्यात मानवनिर्मित उत्सर्जनापैकी सुमारे १७ टक्के उत्सर्जन वनक्षेत्रातून, मुख्यतः जंगलतोडीतून, होत असल्याचे म्हटले होते. त्याच वर्षी बाली येथे ‘जंगलतोड आणि वनऱ्हासातून होणारे उत्सर्जन घटवणे’ ही योजना वाटाघाटीत आली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘रेड’ म्हणतात. केवळ तोड थांबवण्याचे नव्हे, तर वन राखण्याचे आणि वाढवण्याचेही श्रेय मिळावे असा भारताचा आग्रह होता. त्यातून ‘रेड’चे ‘रेड-प्लस’ झाले.

बालीतच जागतिक बँकेने वन-कर्ब भागीदारी निधी जाहीर केला आणि २००८ च्या जूनपासून तो कामाला लागला. त्याचे दोन भाग होते. एक ‘तयारी’साठी, दुसरा प्रत्यक्ष घटवलेल्या कर्बाचे पैसे देण्यासाठी. शेजारचे नेपाळ आणि भूतान त्यात सहभागी झाले. भारत झाला नाही, पण तयारीची भाषा भारतानेही स्वीकारली. २०१० च्या कानकुन परिषदेत या तयारीचे चार घटक ठरले : राष्ट्रीय धोरण, उत्सर्जनाची आधारपातळी, वनांच्या देखरेखीची यंत्रणा आणि स्थानिकांच्या हक्कांविषयीच्या संरक्षक तरतुदींची माहिती. २०१३ मध्ये वॉर्सा येथे नियमांची चौकट पूर्ण झाली आणि २०१५ च्या पॅरिस करारात पाचव्या कलमाने तिला स्थान मिळाले. भारताने २०१८ मध्ये आपली आधारपातळी सादर केली आणि राष्ट्रीय धोरणही प्रसिद्ध केले. २०३० पर्यंत वने आणि वृक्षाच्छादन वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका अधिकचा साठा निर्माण करू, असे वचन भारताने २०१५ मध्येच दिले होते.

या योजनेतील मोजणी समजून घेणे आवश्यक आहे. झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजतात. त्यावरून सूत्राने वाळल्या लाकडाचे वजन काढतात. त्यातले साधारण निम्मे वजन कर्बाचे असते. कर्बाचे बारा भाग हवेत जाऊन कार्बन डायऑक्साइडचे चव्वेचाळीस भाग होतात. म्हणून एक टन वाळले लाकूड राखले तर सुमारे १.८ टन वायू हवेत जाण्यापासून राहिला, असे धरले जाते. याखेरीज मुळांतील, पडलेल्या लाकडांतील, पाचोळ्यातील आणि मातीतील कर्बही शास्त्राने हिशेबात धरला आहे. ‘कर्ब’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ वाचणाऱ्या वाशिमच्या शेतकऱ्याला तो आमच्यापेक्षा अधिक ओळखीचा आहे.

या गणितात खोट नाही. प्रश्न निर्माण होतो तो गणित सुरू होण्याआधीच्या दोन ठिकाणी : वन कशाला म्हणायचे, आणि मोजणी केव्हापासून धरायची. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षाच्छादन दिसते, ती वनाच्छादित जमीन. मग तेथे साग असो, आंबराई असो वा बाभळी. त्याखालचे ते झुडपी रान, किंवा ‘वनेतर’. म्हणजे गुल्म हिशेबाच्या कडेवर, आणि गवत हिशेबाबाहेर.

*

गवत हिशेबाबाहेर होते असे मात्र नेहमीच नव्हते. वऱ्हाडाच्या इतिहासात एक काळ असा होता की राज्यकर्त्यांनी गवताचीही स्वतंत्र वर्गवारी केली होती. स्वतःच्या लाभासाठी का होईना.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. प्रदेश निजामाचा, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटचा, अशी ही व्यवस्था १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले जाईपर्यंत चालली. त्या काळात बासीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला, बासीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्यात गेले, पुसद यवतमाळात गेला. म्हणजे १९९८ चा जिल्हा हा नवा जन्म नसून पुनर्जन्म होता.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागली. वऱ्हाडची काळी माती एकाएकी जगाच्या बाजारात आली. १८६७ पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. रेल्वेला रुळांखाली लाकूड लागे, सरकी काढण्याच्या आणि गाठी बांधण्याच्या कारखान्यांना जळण लागे आणि कापसाला जमीन लागे. पडीत आणि चराऊ रान नांगराखाली गेले. लक्ष्मण सत्या या इतिहासकारांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवरील १९९७ च्या ग्रंथात आणि मध्य भारतातील पर्यावरण, वसाहतवाद व गुरे यांवरील २००४ च्या ग्रंथात ही साखळी तपशिलाने मांडली आहे : चराई आक्रसली, गुरे खंगली आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसे व जनावरे दोन्ही उघड्यावर पडली.

पुढे कारंज्याहून मूर्तिजापूर-यवतमाळ अशी अरुंद मापाची रेल्वे धावू लागली, तीही मुख्यतः कापसासाठी. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटले. कालिदासाची शकुंतला आश्रमातील झाडांना पाणी घातल्याखेरीज स्वतः पाणी पीत नसे. आणि वऱ्हाडचे रान ज्या पिकासाठी मोडले त्याच्या गाठी वाहणाऱ्या गाडीला तिचे नाव मिळाले. ती गाडी आता बंद आहे.

वनखात्याचे वऱ्हाडातील काम मेळघाटच्या सागापासून सुरू झाले. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश इंडियात मोडत नसल्याने १८७८ चा वन अधिनियम तेथे सरळ लागू नव्हता. त्यासाठी १८८६ चा वऱ्हाड वन कायदा आला. त्याखाली राखीव राने तीन वर्गांत विभागली गेली. ‘अ’ वर्ग इमारती लाकूड व जळणाचा, ‘ब’ वर्ग वैरणीचा आणि ‘क’ वर्ग चराईचा. ‘ब’ वर्गातील गवताच्या राखीव रानांना ‘रमना’ म्हणत. नदीकाठच्या बाभळींची ‘बने’ वेगळी. रमन्यातल्या गवताचा लिलाव होई, चराईला पैसे पडत. ज्या गवतावर गावाचा हात होता त्यावर आता पावती आली. तरीही एक गोष्ट या कायद्याला ठाऊक होती, ती अशी की वऱ्हाडात गवत हेही रानच आहे.

संस्कृतलाही ते ठाऊक होते. ‘जंगल’ या शब्दाचा मूळ अर्थ घनदाट वन असा नाहीच. आयुर्वेदाने देशाचे आनूप आणि जांगल असे भेद केले. आनूप म्हणजे पाणथळ, दाट. जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा आणि हरणांचा प्रदेश. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ साली या शब्दाच्या उलटापालटीवर ग्रंथ लिहिला. मनुस्मृतीनेही जेथे कृष्णमृग स्वभावतः हिंडतो तो देश यज्ञाला योग्य मानला. तो कृष्णमृग, म्हणजे आमचा काळवीट, वाशिम जिल्ह्यात आजही आहे. कारंजा-सोहोळ हे सुमारे १८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य २००० साली त्याच्यासाठीच घोषित झाले. जुन्या अर्थाने पाहिले तर कारंजा-सोहोळ हेच खरे जंगल होय. वृक्षाच्छादनाच्या नकाशावर ते फिकट दिसते.

*

रानाचे वर्ग करताना माणसांचेही वर्ग झाले. लमाण-बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ, कापूस वाहत. त्यांना वाटेवर चराई लागे. रेल्वेने वाहतूक घेतली आणि राखीव रानाने चराई घेतली. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे आज देशभरातील बंजाऱ्यांचे श्रद्धास्थान आहे. पण तेथे जमणाऱ्या लाखोंचे पूर्वज ज्या रानावाटांनी हिंडले, त्या वाटांवरचा त्यांचा हक्क कोणत्याही दप्तरात नाही. फासेपारधी गवताळ रानात फास लावून पोट भरत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या भटक्या समाजांच्या कपाळी जन्मतःच गुन्ह्याचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का गेला नाही. आंध आदिवासी पैनगंगेच्या दोन्ही अंगांना राहतात. धनगर आणि गुराखी तर प्रत्येक गावात.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या इतिहासातील अन्यायाची कबुली प्रस्तावनेतच दिली. त्यात चराईचा हक्क आहे, भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क आहे, आणि सामूहिक वन राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्कही आहे. पण अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या समाजांना, म्हणजे आमच्याकडे बंजारा आणि धनगरांना, १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या वनजमिनीशी नाते असल्याचे दाखवावे लागते. ज्यांचे जगणेच हिंडण्याचे, त्यांनी एका जागी ७५ वर्षे सिद्ध करायची! शिवाय हा कायदा वनजमिनीपुरता; ज्या ई-क्लासवर आम्ही खड्डे भरले, ती महसुली जमीन साधारणतः त्याच्या बाहेर राहते.

येथे रेड-प्लसची तयारी आणि वऱ्हाडचा इतिहास समोरासमोर येतात. आधारपातळी ठरवायची म्हणजे भूतकाळातील काही वर्षे निवडायची आणि त्यांच्या तुलनेत पुढचा हिशेब मांडायचा. ही वर्षे अगदी अलीकडची असतात. १८६० च्या दशकात लँकेशायरसाठी वऱ्हाडचे जे रान मोडले, जी माती उलटली, तिच्यातून सुटलेला कर्ब कोणाच्या खात्यावर आहे? कोणाच्याच नाही. ‘विकसनशील देशांना तयार करणे’ हा शब्दप्रयोग वाचताना आम्हाला हे आठवते. वऱ्हाडला जगाच्या बाजारासाठी एकदा तयार केले गेले आहे. त्या तयारीचीही अशीच सर्वेक्षणे, नकाशे आणि वर्ग होते.

याचा अर्थ ही योजना त्याज्य आहे असा आम्ही काढत नाही. तसे करणे सोपे होईल आणि चूकही. अॅमेझॉनच्या रक्षणासाठी ब्राझीलने २००८ मध्ये निधी उभारला, नॉर्वेने त्याला मोठे बळ दिले आणि पुढील काही वर्षे तेथील तोड घटलेली दिसली. आपल्याकडे मेघालयात मॉफलांगच्या परिसरात दहा खासी हिमांनी, म्हणजे पारंपरिक सत्ताघटकांनी, एकत्र येऊन सुमारे २७ हजार हेक्टरांवर रेड-प्लसचा प्रकल्प चालवला. तेथे तो उभा राहिला, कारण राने समाजाच्या हातातून पूर्णतः गेलेलीच नव्हती. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभा स्वतःचा बांबू विकू लागली. तेथे कर्बाचा पैसा उद्या आला तरी तो कोणाच्या हाती जावा, याचे निदान उत्तर देता येते. वनहक्क कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आहे, मध आहे, तेंदू आहे. कर्बाचा उल्लेख नाही. ज्या गावाचा रानावरचा हक्कच नोंदलेला नाही, तेथे हा प्रश्न विचारायलाही कोणी उरत नाही.

वाशिमपुरते बोलायचे तर धोका तोडीचा कमी आणि लागवडीचा अधिक आहे. गवताच्या रानाचा बहुतेक कर्ब जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला तरी तो खाली सुरक्षित राहतो आणि पहिल्या पावसात पवन्या, मारवेल, कुसळी पुन्हा उगवतात. माळ ‘पडीक’ ठरवून तेथे खड्डे खणले की आधी ही माती उघडी पडते. २०२३ मध्ये आलेल्या ग्रीन क्रेडिट कार्यक्रमातही निकृष्ट वनजमिनीवरील लागवडीला श्रेय देण्याची कल्पना आहे. त्यात झुडपी रान आणि माळ यांना निकृष्ट म्हटले जाण्याची भीती अभ्यासकांनी व्यक्त केली आहे. समृद्धी महामार्ग कारंजा-सोहोळ आणि काटेपूर्णा या अभयारण्यांच्या परिसरातून गेला. अशा कामांत गेलेल्या वनजमिनीबद्दल पर्यायी लागवड कायद्यानेच करावी लागते. पण गवत गेले तर त्याच्या बदल्यात गवत मिळत नाही, झाड मिळते. म्हातारेबुवांचा प्रश्न हाच होता.

त्या गवतात तणमोर अंडी घालतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत केली. अकोला-वाशिम भागात त्याची राने राखण्याच्या कामात फासेपारधी समाजातील माणसे पुढे आली, हे येथे नोंदवले पाहिजे. ज्यांना एका कायद्याने गुन्हेगार म्हटले, त्यांनाच त्या पक्ष्याची चाल, त्याची वेळ आणि त्याचे गवत ठाऊक आहे. ज्याला खऱ्या अर्थाने ‘तयारी’ म्हणता येईल ती ही आहे, आणि ती कोणत्याही निधीच्या आधी झालेली आहे.

*

मराठीच्या अध्यापकांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर अगदी व्यवहारातले आहे. वनहक्क नियमांच्या तेराव्या नियमात दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील याची यादी आहे. तीत गॅझेटियर आहेत, जनगणना आहे, जमाबंदीचे अहवाल व नकाशे आहेत; आणि दावेदार सोडून गावातील इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. म्हणजे जुनी कागदपत्रे वाचणे, बोलीतले कथन ऐकून ते अर्थ न बदलता लिहून काढणे, स्थलनामांचा शोध घेणे. ही कामे आमच्या अभ्यासक्रमात आहेत. फक्त ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत संपतात. वनाधिकारी म्हणून आयुष्य रानात घालवलेल्या मारुती चितमपल्लींनी (१९३२-२०२५) आदिवासी आणि पारध्यांच्या तोंडचे रानशब्द मराठीत आणून हे काम किती मोठे होऊ शकते ते दाखवून दिले आहे.

आमच्या विभागात आता एक साधी वही ठेवली आहे. सुटीत गावी जाणारा विद्यार्थी आपल्या शिवारातील रानाची नावे त्यात लिहितो : रमना, बन, कुरण, गायरान, बरड, माळ, ई-क्लास. कोण तेथे गुरे नेई, कोणत्या महिन्यात, तांडा कोठे उतरे, हे ज्याने सांगितले त्याच्या शब्दांत. या नोंदींपैकी किती एखाद्या ग्रामसभेच्या दाव्याला उपयोगी पडतील, हे आज सांगता येणार नाही. पण आधारवर्ष जर ठरवायचेच असेल, तर ते ठरवताना ही वहीही टेबलावर असावी, अशी आमची इच्छा आहे.

वहीतील पहिली नोंद आम्हीच केली आहे. त्या माळाचे नाव, तारीख १ जुलै २०१६, आणि म्हातारेबुवांचे वाक्य, जसेच्या तसे.